धागा बांधलेला मासा

बुआलाय आजीला गाव कजाग म्हणतं. म्हणू दे. मी तिची शेजारीण, मला माहीत आहे ती काय आहे. नदीचे मासे रांजणात मीठ घालून मुरवायचे आणि विकायचे, हा तिचा जन्मभराचा धंदा. धरण झालं आणि रांजण रिकामे पडले. आता त्यांत कोंबड्या अंडी घालतात.

धरणाच्या साहेबांनी माशांना वर चढायला जिना बांधलाय. सिमेंटचा, वरून पाणी सोडलेला. कुठल्या तरी थंड मुलखातले मासे म्हणे उड्या मारत असा जिना चढतात. आमचे मासे तळाशी सरपटत जाणारे, ते काय उड्या मारणार, डोंबल! विणीला वर निघालेले मासे पायथ्याशीच डोकं आपटत राहतात. आमचं मागणं एकच होतं, विणीच्या दिवसांत धरणाची दारं उघडा.

आमची रीत अशी, की मोसमातला पहिला मासा खायचा नाही. त्याच्या शेपटीला पांढरा दोरा बांधायचा, "जा, गोतावळा घेऊन ये," म्हणायचं आणि वरच्या अंगाला सोडायचा. वरचं अंग आता भिंतीपलीकडे. आजी दरवर्षी मासा घागरीत घालते, बाजूचा चढ चढते आणि पलीकडे सोडून येते. गुडघे गेले, पण रीत मोडली नाही.

गेल्या साली आजीनं सोडलेला मासा भिंतीपलीकडे साहेबांच्या जाळ्यात आला. झालं! सभा भरवली. सोमयोत साहेबांनी फोटो नाचवला. "खाली धागा बांधलेला मासा वर पोचला. म्हणजे जिना चालतो. दारं उघडायची गरजच नाही."

आजी ताडकन उठली. "अहो, तो मी नेला! ह्या कमरेवरून!"

"आजी, तुमच्या श्रद्धेचा आदर आहे," साहेब हसले, "पण अहवाल वर गेलाय."

"जिना चढला म्हणे! घागरीत बसून चढला तो!" मी ओरडले. माझं डोकंच फिरलं होतं. म्हातारीच्या भाबडेपणाचा पुरावा करून ह्यांनी आमच्याच पोटावर पाय दिला.

यंदा पहिला मासा लागला तेव्हा मी म्हटलं, "आजी, नको नेऊस. पुन्हा त्याचाच पुरावा करून तुझ्याच गळ्यात घालतील."

"मग रीत मोडू? माशानं काय घोडं मारलंय?" ती खेकसली.

त्याच दिवशी राजधानीहून पाहुणे जिना बघायला आले होते. आजीनं नेहमीचा चढ सोडला. लुंगी खोचली, घागर कमरेवर घेतली आणि थेट जिन्यात उतरली.

"ए म्हातारे, बाहेर ये! ही वाट माशांची आहे!" रखवालदार ओरडला.

"मग मासाच चाललाय ना, मेल्या! दिसत नाही?"

पाणी तिला मागं लोटत होतं. एकदा पाय सटकला, पण घागर काही कलंडली नाही. वर पोचून तिनं मासा सोडला आणि धापा टाकत वळली.

"लिहा साहेब, एक चढला. बाकीच्यांना कोण आणणार, तुम्ही?"

पाहुण्यांनी तेव्हा कुठे खाली वाकून पाहिलं. जिन्याच्या पायथ्याशी पाणी माशांनी काळं झालं होतं.