‘ब्रेक अप’चे अर्थ आणि माझं ‘मले-तुले’

परदेशी प्रवाशांच्या हॉटेल बुकिंगच्या तक्रारी फोनवर सोडवायच्या, तेही घरबसल्या, अशा एका कामासाठी मी अर्ज केला होता. माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. शाळा-कॉलेज मराठीतून झालेलं. इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ कधी आली नव्हती.

मुलाखत लॅपटॉपवर होती. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत आहे. त्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली, मुलांना शेजारी धाडलं आणि आवाज नको म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद करून पलंगावर बसून राहिले. अर्ध्यात एक साहेब म्हणाले, “यू आर ब्रेकिंग अप.”

ब्रेकअपचा मला एकच अर्थ ठाऊक होता, मालिकांमधला. मी चमकून नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “नो सर, वुई आर हॅपी.”

पडद्यावरचे चौघंही हसले. एक बाई तर तोंड झाकून खुर्चीतून उठून गेली. नंतर ‘कळवतो’ म्हणाले, आणि कळवलं नाही.

“काहून रडून राहिली?” नवऱ्यानं विचारलं. तोवर त्यांनी मोबाइलवर अर्थ शोधला होता. “तुया आवाज तुटून राहिला होता, एवढंच म्हणून राहिले होते ते. आपलं काही तुटून नाही राहिलं.”

मी रडत नव्हते. मला संताप आला होता. त्याच आठवड्यात राजापेठेतल्या इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. वर्गात सगळ्या कॉलेजच्या पोरी, त्यात मी एकटी चाळिशीला टेकलेली.

सर फळ्यावर क्रियापदं लिहीत आणि समोर अर्थ. ‘टेक ऑफ’ म्हणजे विमान उडणं. दुसऱ्या दिवशी टेक ऑफ म्हणजे कपडे उतरवणं. तिसऱ्या दिवशी सुट्टी घेणं. मी विचारलं, “सर, हे एकाच शब्दाचे इतके अर्थ ध्यानात कसे ठेवाचे?”

“घोकायचे,” सर म्हणाले.

“पण सर, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नजर लागते. हे आमी कदी घोकलं होतं? वापरता वापरता आलं. मंग टेक ऑफ काहून नाई येणार?”

सर स्वतः दर्यापूरकडचे, पण पुण्यात शिकून आल्यापासून त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडीचा मागमूस नव्हता. त्यांनी खडू खाली ठेवला. “ताई, आधी ‘आम्ही’ म्हणायला शिका. ज्यांची मराठीच धड नाही, त्यांनी इंग्रजीवर वाद घालू नये.”

कुणीतरी मागं हसलं. पंखा बंद असलेली ती खोली मला आठवली आणि कान तापले.

“सर, मले इंग्रजी शिकाची हाये,” मी म्हणाले. “मले बदलाचं नाई.”

“पटत नसेल तर दार उघडं आहे.”

मी उठले नाही. रोज पहिल्या बाकावर बसले, आणि जी शंका विचारायची ती वऱ्हाडीतच विचारली. सर आधी ऐकून न ऐकल्यासारखं करत. मग उत्तर देऊ लागले, कारण पोरींनाही तेच विचारायचं असायचं. महिन्याभरात त्याही “सर, मले समजलं नाई” म्हणू लागल्या.

घोकंपट्टी मी सोडली. घरी एक क्रियापद धरायचं आणि दिवसभर त्यालाच राबवायचं. मुलगी पाव्हण्यांना पाहून म्हणायची, “आई, आत्या टर्न अप झाली.” मी म्हणायचे, “मंग टीव्हीचा आवाज टर्न डाउन कर.” नवऱ्यानं एकदा विचारलं, “गिव्ह अपमध्ये वर काय जाते?” मी म्हटलं, “हात. शरण जाताना वर करते ना मानूस.” चुकीचं असेल, पण मला तो शब्द पुन्हा कधी अडला नाही.

दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत मी पंखा चालूच ठेवायला सांगितला. पडद्यावरच्या बाईंनी शेवटी विचारलं, “व्हाय शुड वुई टेक यू ऑन?” टेक ऑन म्हणजे कामावर घेणं, आणि टेक ऑन म्हणजे अंगावर घेणं, भिडणंसुद्धा. मी इंग्रजीत म्हणाले, “कामावर घेणार असाल तर कारणं सांगते. भिडणार असाल तर जरा विचार करा.” त्या हसल्या. या वेळी मीही हसले. मग मी कारणं सांगितली, न अडखळता.

तिथं आता दुसरं वर्ष चालू आहे. सगळं येतं असं नाही. परवा एक प्रवासी रागानं सांगत होता, हॉटेलातला आगीचा अलार्म ‘वेंट ऑफ’. लाइट वेंट ऑफ म्हणजे गेली, दूध वेंट ऑफ म्हणजे नासलं. अलार्मचं काय झालं? मी त्याला सरळ विचारलं, “वाजला, की बंद पडला?”

तो खेकसला, “वाजला. इंग्रजी येत नाही का तुम्हाला?”

“येतं,” मी म्हणाले. “म्हणूनच विचारलं. आता खोली बदलून देऊ का, सांगा.”

त्यानं खोली बदलून घेतली.