खाडीच्या काठावरचा गोटा

पोरगी कोकणात नर्स म्हणून लागली, तवा आम्ही दोघं रिसोडवरून तिच्याकडं राहायले गेलो. ती दवाखान्यात गेली की आमची भटकंती सुरू. आमचे हे एसटीचे रिटायर ड्रायवर, पण जुनी भिंत दिसली की यायच्या पायाले ब्रेक. बंदरावरची पडकी जकात चौकी झाली, वाळूत अर्ध्या बुडालेल्या कबरी झाल्या. त्यायची गोष्ट सांगणारं गावात आता कोणी नाही, तरी हे विचारत फिरायचे.

एका दुपारी आम्ही आडबाजूच्या एका खाडीवर पोचलो. समोर पाण्यात खडक, त्यावर किल्ल्याचा एकच बुरूज उरलेला. किनाऱ्यावर माणूस नाही. गावातून मागंमागं आलेलं कुत्रं वाळू लागली तसं थांबलं, न माघारी गेलं. मले ते काही बरं वाटलं नाही.

आमच्याकडं पैनगंगेले पूर आला की पाण्याच्या कडेले गोटा ठेवतेत. पाणी गोट्यापासून खाली सरकलं म्हणजे पूर उतरला, मग खुशाल पार व्हा. यायनं इथंही तेच केलं. गोटा ठेवला न आम्ही गावात चहा-पोहे खाऊन, देऊळ पाहून परत आलो. पाणी कुठल्या कुठं गेलेलं. बुरुजापर्यंत नुसती ओली वाळू.

“पाह्य बरं, उतरलं का नाही?”

“मले ठीक नाही वाटून राह्यलं. जाऊ नका.”

“तू काहून भेऊन राह्यली? जिंदगीभर पूर पाह्यले मी.”

गोट्याजवळ चपला काढून हे गेले. बुरुजाच्या मागं दिसेनासे झाले.

बऱ्याच वेळानं टोपलं घेतलेली एक कोळीण आली. “आजी, तिकडं कोण गेलंय?”

“आमचं म्हातारं.”

“कुठची गं तुम्ही?”

“वाशीमकडची, रिसोडची.”

“तरीच! आज अवस हाय, आजी, उधाणाची भरती. पाणी पुढनं नाय येत, पाठनं येतं.”

मी पाहिलं. खडक न किनाऱ्याच्या मधात पाण्याची पट्टी पसरत होती. आवाज नाही, काही नाही. कोळीण होडीसाठी गावाकडं पळाली. मी फोन लावला, तर माझ्याच पिशवीत वाजला.

पाणी गोट्याले लागलं. मी चपला उचलल्या. मागं सरले, पुन्हा मागं सरले. गोटा गेला. तेवढ्यात हे बुरुजाआडून आले, न सवयीनं पाण्यात पाय घातला.

“उतरू नका वो! वर चढा!”

वाऱ्यानं किती ऐकू गेलं कोण जाणे. गुडघ्याएवढ्या पाण्यात हे थांबले, डोलले, पडतात असं वाटलं. मग वळले न हातापायानं बुरूज चढले.

होडीनं आणलं तवा पाय खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेले. चपला दिल्या तर घातल्या नाहीत. गोटा ठेवला होता तिकडंच पाहत राहिले.

“उतरलंच होतं न वं पाणी?” माझ्याकडं वळून विचारलं.

यायच्या पाठीमागं बुरुजाचं नुसतं डोकं दिसत होतं.