मावशीच्या फोडी

लढाईच्या वर्षांत मेडशीला आमच्या शेजारची मावशी कैरीच्या फोडी वाळवायची. प्रत्येक फोड कानाजवळ धरून मोडायची. कट्ट वाजली तरच ती बरणीत टाकायची. बरणीला हात फक्त तिचा, तोही कोरडा.

तिच्या सुनेला सातवा महिना होता. माझ्यादेखत ती म्हणाली, "आत्याबाई, एक फोड द्या नं. तोंडाले चव नाई."

"पावसात बरणी उघडली तं बुरशी चढन. पावसाळा सरू दे."

पावसाळा सरायच्या आत सून बाळंतपणात गेली. तेरवीच्या वरणात मावशीने त्याच फोडी घातल्या. वाढताना प्रत्येक पानाशी थांबून म्हणे, "पाहा, एकही काळी पडली नाई."

 मी फोड चोखून खाल्ली. खरंच चांगली टिकली होती.