लहान नंबर आधी

हेब्बाळच्या आमच्या ऑफिसात, कँटीनमध्ये कुणी रुमाल टाकून टेबल अडवलं की माझ्या शेजारी काम करणारा हा गृहस्थ भडकतो. "बसणार एका खुर्चीवर, सुम्ने सगळं टेबल अडवायचं याके?" त्याच्या मराठीत कानडी मिसळलेली: सुम्ने म्हणजे उगाच, याके म्हणजे कशाला.

कामातही त्याचं तेच. सारखा लागणारा डेटा ठेवायच्या आमच्या कॅशे मेमरीला एकच लॉक होतं. एक काम आत शिरलं की बाकीची ताटकळत. त्याने प्रत्येक कप्प्याला वेगळं लॉक दिलं. वेग वाढला, आणि एका दुपारी सगळं ठप्प. दोन कामं आपापला कप्पा धरून एकमेकांच्या कप्प्याची वाट बघत बसली होती.

"सोडतच नाही कोणी," तो पुटपुटला. मग त्याने कप्प्यांच्या लॉकना नंबर दिले आणि नियम घातला: दोन लॉक हवी असतील तर लहान नंबरचं आधी घ्यायचं.

थोरल्या भावाशी त्याचा अबोला होता. दादाने बोलवावं म्हणून हा थांबलेला, याने फोन करावा म्हणून दादा.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी त्याच्याजवळ गेलो, तर तो फोनवर.

"धाकटा मी ना दादा, म्हणून आधी मीच केला."

मग बराच वेळ नुसतं कानडीतलं हो-हो, "हौदु, हौदु". शेजारची सीट त्याच्या बॅगने अडवली होती. मी उभाच राहिलो.