हातमोज्यांची दहा बोटं आणि एक निरपराध उंदीर

आमच्या घरातल्या हातमोज्यांची बोटं उंदराने खाल्ली नव्हती. ती मी कापली होती. वय वर्षं शहात्तर, पूर्ण शुद्धीत.

हे हातमोजे माझ्या बायकोने, नलिनीने, विणले होते. मुलुंडला डिसेंबरात सकाळी फिरायला गेलं की माझी बोटं आखडतात. (आम्ही त्या हवेला थंडी म्हणतो. इतरांनी हसू नये.) हातमोज्याचा तळवा कोणीही विणेल, पण बोटं विणणं म्हणजे चार सुयांवर पाच छोट्या विहिरी बांधण्यासारखं. ही विद्या नलिनीला शेजारच्या परब वहिनींनी शिकवली. दोघींची तीस वर्षांची मैत्री. महिनाभर दुपारी दोघी आमच्या सोफ्यावर बसत आणि करंगळी आली की बोलणंसुद्धा थांबवत. मी पेपर बाजूला ठेवून बघत राहायचो. एका साध्या धाग्यातून माझा हात तयार होत होता!

पहिल्याच दिवशी हातमोजे घालून बागेत गेलो आणि नलिनीचा फोन आला. तो लोकरीच्या बोटाला दाद देईना. मी दाबलं, घासलं, शेवटी नाकाने प्रयत्न केला. नाकाने फोन कट झाला. असं चार वेळा झालं. कोथिंबीर न आणता घरी पोचलो तेव्हा माझं जे स्वागत झालं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नलिनी देवळात गेलेली असताना मला वाटलं, उजव्या तर्जनीचं टोक तेवढं कापावं. हाताला लागली ती ओट्यावरची कात्री, म्हणजे पापलेटाचे पर कापायची. टोक उडवलं. मागोमाग लोकर उसवायला लागली. ती थांबावी म्हणून आणखी थोडं कापलं, तर आणखी उसवली. मग एकच बोट बुटकं बरं दिसेना म्हणून बाकीची त्याच्या मापाची केली. मग डावा हात वेगळा दिसायला लागला. दहा मिनिटांत महिनाभराची दहा बोटं कुरळ्या शेवयांसारखी टेबलावर पडली होती.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. मी कात्री धुवायच्या भांड्यांत टाकली आणि तोंडातून निघालं, "अगं, उंदीर!"

नलिनीने हातमोजे उचलले, उलटसुलट केले आणि नाकाशी नेले.

"मासळीचा वास येतोय," ती म्हणाली. "हा उंदीर परब वहिनींच्या सुकटीच्या डब्यावरून आलाय."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी मान डोलावली.

परब वहिनींच्या बाल्कनीत सुकटीचा मोठा डबा असतो. नलिनीने दारात उभं राहून त्यांना सुनावलं की तीस वर्षं वास सहन केला, आता उंदीरही सहन करायचे का? (तीस वर्षं आम्ही दर रविवारी त्याच डब्यातल्या सुकटीची चटणी बोटं चाटून खाल्ली होती, हे दोघीही विसरल्या.) वहिनींनी डबा आत नेला, दार लावलं आणि सुया घेऊन यायच्या बंद झाल्या. आम्ही पिंजरा आणला. त्यात रोज नवी भजी लागायची आणि रोज संध्याकाळी ती मीच खायचो. वाया कशाला घालवा?

नलिनीने मात्र हातमोजे टाकले नाहीत. बारीक सुई घेऊन तिने उसवलेला एकेक टाका वेचला आणि बोटांच्या मुळाशी काठ बांधून टाकला. एकटीने. अडलं की सवयीने शेजारच्या भिंतीकडे बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची. मी समोर बसून मटारच्या शेंगा सोलत होतो. मला दाणा दिसत नव्हता.

पवईहून आमची नात केतकी आली. हातमोजे बघून म्हणाली, "आजोबा, झकास! बिनबोटांचे? ही तर फॅशन आहे."

तिने मोबाईलवर चित्रं दाखवली आणि मी थक्क झालो. जग शतकानुशतकं हेच करत आलंय! जुन्या काळच्या गोऱ्या बायकांचे कोपरापर्यंतचे जाळीदार, त्यातून फक्त बोटांची टोकं बाहेर. सायकलवाल्यांचे गादीच्या तळव्याचे, व्यायामवाल्यांचे चामड्याचे. एका प्रकाराला तर झाकण होतं. थंडी वाजली की बोटांवर टोपी ओढायची! मी सुटकेचा निःश्वास सोडणार, एवढ्यात केतकी पुढचं चित्र वाचायला लागली. थंड देशांतले मासे विकणारे असेच घालतात म्हणे. हात गरम राहतो, बोटं मासळीला मोकळी.

मासळी! मी हातमोजे पटकन पाठीमागे लपवले.

त्याच संध्याकाळी नलिनी हळदीकुंकवाची यादी करत होती. तीस वर्षं यादीतलं पहिलं नाव परब वहिनींचं. या वेळी यादी दुसऱ्या नावापासून सुरू झाली होती.

मी बिनबोटांचे हातमोजे घातले, नलिनीला म्हटलं, "चल माझ्याबरोबर," आणि परबांची बेल दाबली. (बोट मोकळं असल्याने ती एकदाच दाबावी लागली.) वहिनींनी दार उघडलं. मी दोन्ही हात पुढे केले आणि फोन, नाक, कात्री, भजी, सगळं एका दमात सांगितलं.

नलिनी हळूच म्हणाली, "वहिनी, माझं चुकलं."

वहिनींनी माझे हात धरून नलिनीने बांधलेला काठ उजेडात नीट बघितला. एकही टाका सुटला नव्हता.

"ह्यां तुया एकट्यान केलंस?" त्यांनी विचारलं. नलिनीने मान डोलावली. "गो बाय माझे," म्हणत त्यांनी तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. मी बाहेर.

दोन तास आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. कोणाला हसत होत्या ते सांगायला नको.

यादी पुन्हा पहिल्या नावापासून लिहिली गेली. रविवारी सुकटीची चटणीही आली, नलिनीच्या नावाने. डबीवर वहिनींनी चिठ्ठी चिकटवली होती : "उंदराक देऊ नको."

पिंजरा अजून आहे. नलिनी आता त्यात भजीसुद्धा लावत नाही.