मरळीच्या जबड्यातली जांभळी माशी

गळाला लागलेली मरळ जबड्यात माझीच माशी घेऊन बाहेर आली, आणि तेव्हापासून मला नवऱ्याचा संशय यायला लागला.

माशी म्हणजे खरी नव्हे. जुन्या चपलेच्या फोमचा तुकडा, कोंबड्याच्या मानेची पिसं, आणि हे सगळं गळावर आवळून बांधणारा धागा. दोर हवेत झुलवून ती अलगद पाण्यावर टाकायची. मरळीला वाटतं बेडूक आला, आणि ती झडप घालते. हा नाद मला लग्नानंतर नवऱ्यानंच लावला. अकोल्यात जठारपेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. सुटीच्या दिवशी आम्ही अकोटच्या पुढे, राखीव जंगलाच्या अलीकडे, गुडघाभर पाण्याच्या एका नदीवर जातो. मासा धरायचा, पाहायचा, सोडून द्यायचा. माश्या बांधायचं काम माझं.

ही माशी जांभळ्या धाग्याची होती. साडीला फॉल लावून उरलेला धागा. त्यात दोनच माश्या झाल्या. एक माझ्या दोराला होती, दुसरी मरळीच्या जबड्यात रुतलेली. आणि त्या बांधल्यापासून आम्ही नदीवर आलोच नव्हतो.

"हे इथं कशी आली?" मी विचारलं.

नवरा वाकून बघत राहिला, जरा जास्तच वेळ. "असन दुसऱ्या कोणाची."

"माह्या साडीचा धागा आहे."

"बजारात जांभया धागा काय तुह्याचसाठी येते?"

मी दोन्ही गळ सोडवले, मरळ पाण्यात सोडली. पण डोकं थांबेना. मागच्या रविवारी हा अमरावतीला मीटिंग आहे म्हणून गेला होता. मीटिंगहून आलेला माणूस आल्या आल्या मोरीत बूट धुवत बसतो का? सामान ठेवायला डिकी उघडली, तर आत घडीची खुर्ची. तिच्या पायांना वाळलेला गाळ. आम्ही तर उभ्यानं गळ टाकतो. मग नदीत खुर्ची लागणारं हे कोण?

नको ते मनात आलं. रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी तो दुकानात गेल्यावर अमरावतीला राजापेठेत बाबांना फोन लावला. मन मोकळं करायला दुसरं होतं कोण? आई गेल्यापासून ते एकटेच. तीन महिन्यांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून जपून सुरुवात केली.

"बाबा, तुमच्या जावयाचं काही समजून नाही राहिलं मले—"

"मी तं रविवारी घरीच होतो, माय. दिवसभर."

रविवारचं नाव मी काढलंच नव्हतं.

बस पकडून तडक अमरावती गाठली. दार उघडताच बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

"काहून केलं असं? डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"फिरत जा म्हणे. कुठं, ते नाही सांगितलं." मग हळूच म्हणाले, "जावयाले काही बोलू नको. मीच मागं लागलो, मले नदीवर ने म्हणून. तुही माशीबी माह्याच हातून तुटली. घरात बसून बसून मले भेव वाटून राहिलं होतं. तुले विचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

म्हटलंच असतं. दुसऱ्या बाईची भीती गेली म्हणून हायसं वाटलं आणि दोघांनी मिळून मला फसवलं म्हणून संताप आला. दोन्ही एकदमच. रडले, भांडले, त्यांच्या हातचा चहा प्यायले. घरी येऊन नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुढल्या वेळी मात्र तिघं गेलो. डॉक्टरांना मी स्वतः विचारून आले होते. घोट्याएवढ्या पाण्यात खुर्ची मांडून बाबा बसले. त्यांचा दोर सारखा झुडपात अडकत होता, आणि तरी ते खुशीत होते.

"मासा तिकडं आहे, माय. माह्याकडं काय पाहून राहिली?"

"दम लागला का ते पाहून राहिली."

"नाही लागला."

ते मी मानलं नाही. नवऱ्यानं त्याची गळाची काठी पुढे केली, ती घेतली, आणि दोघंही नजरेत राहतील अशा जागी जाऊन उभी राहिले.