लंबूच्या ओळी

ऑफिसात त्याला सगळे झाडूवाला म्हणत आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. बाकीचे इंजिनिअर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काहीतरी नवं घालायचे, हा काढायचा. सिस्टिमच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. त्यात एका भागाने दुसऱ्याला काम सांगायचे ठरलेले मार्ग असतात, ते इंटरफेस. वर्षं जातात, यंत्रं बदलतात आणि काही मार्गांकडे कुणी फिरकेनासं होतं. असे ओस पडलेले मार्ग शोधायचे, खरंच कुणी वापरत नाही ना याची खात्री करायची आणि मुळासकट उपटायचे, हे त्याचं काम. सासूबाई भेटल्या की कौतुकाने विचारत, "यंदा काय नवीन बनवलंत?" तो सांगे, "बनवलं काही नाही, बरंच काढलं." त्या बिचाऱ्या लेकीच्या तोंडाकडे बघत.

या कामात दयामाया नसते. ज्याला गाभ्यात एकही गिऱ्हाईक उरलं नाही ते जाणार, मग ते कितीही सुबक असो. हा नियम त्याच्या डोक्यात भरवला तो लंबूने. लंबू म्हणजे शेजारच्या टेबलावरचा त्याचा जिवलग. इतका उंच की कुठल्याही दारातून वाकूनच जायचा. दोघं एकदमच नोकरीला लागले, एका डब्यात जेवले, कडाकडा भांडले. झाडूवाला एखादी ओळ काढायला कचरला की लंबू म्हणे, "ठेवून काय लोणचं घालायचंय?" मग लंबू आजारी पडला आणि एका हिवाळ्यात गेला. त्याच्या टेबलावर दुसरं कुणी बसायला लागलं, तेव्हा झाडूवाल्याने आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

लंबूने लिहिलेला एक इंटरफेस अजून गाभ्यात होता. काही जुन्या डिस्क झोपेतून उठायला वेळ घ्यायच्या. डिस्क नीट जागी होईपर्यंत बाकीच्यांनी थांबावं, एवढंच तो सांगायचा. पुढे तसल्या डिस्क बनेनाशा झाल्या. त्यांना चालवणारा शेवटचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, झाडूवाल्यानेच काढला, पण या इंटरफेसकडे मात्र तो कानाडोळा करत राहिला. आजूबाजूचं सगळं लख्ख झालं आणि मधोमध लंबूच्या ओळी तेवढ्या राहिल्या. शेवटी वरिष्ठ बाईंच्या नजरेस त्या पडल्याच.

"तुमच्या हातून हे कसं सुटलं?" त्यांनी विचारलं.

"काढतो," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

या गाभ्यावर जगभरचे इंजिनिअर काम करतात आणि प्रत्येक बदलाची मेल त्या सगळ्यांना जाते. त्यांची एक रीत आहे. ज्याचं लिहिलेलं काढायचं, त्याला आधी कळवायचं. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम असतो. कुठल्या ओळी कुणी लिहिल्या ते तो बदलांच्या इतिहासातून हुडकतो आणि त्या माणसाचा पत्ता मेलवर आपोआप घालतो. नोकऱ्या सोडून गेलेल्यांचे, वारलेल्यांचे पत्ते झाडूवाला नेहमी न चुकता पुसायचा. या वेळी त्याला ते पत्ते बघवेनात. त्याने लंबूचं काम बाकीच्या काढण्याच्या कामांत मधेच कुठेतरी सरकवलं आणि पत्ते न पुसताच मेल पाठवायचं बटण दाबून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. लंबूच्या आईचा.

"अरे, तुझी मेल आलीय," काकू म्हणाल्या. "त्यात याचं नाव आहे. जरा येऊन सांगतोस का काय ते?"

लंबू गेल्यापासून त्या घराची पायरी तो चढला नव्हता. जाऊन बोलायचं काय, हाच प्रश्न. संध्याकाळी गेला तो पाय ओढत.

काकू शिवणकाम करायच्या. खोलीत कापडाच्या चिंध्या, दोऱ्याची रिळं, खिडकीशी शिलाई मशीन आणि त्याला खेटून लंबूचा कॉम्प्युटर. तो त्यांनी चालू ठेवला होता. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी मेल उघडायच्या.

"त्याच्या लिहिण्याला कुणी हात लावला की येते एखादी," काकू म्हणाल्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्याचं नाव असतं. वाटतं, अजून त्याला विचारल्याशिवाय काही करत नाहीत." मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय लिहिलंयस?"

त्याला वाचून दाखवावं लागलं. याला आता कुणीही वापरत नाही, म्हणून काढून टाकत आहे. खाली त्याची स्वतःची सही. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

काकूंनी विचारलं, "वाईट लिहिलं होतं का त्याने?"

"नाही हो काकू. फार छान लिहिलं होतं. ज्यांच्यासाठी लिहिलं, ती यंत्रंच राहिली नाहीत."

"त्याचं आणखी काही आहे तिथे?"

"एवढंच उरलं होतं."

"म्हणजे आता मेल यायच्या नाहीत."

"नाहीत," तो म्हणाला आणि घाईघाईने पुढे बोलला, "पण मी हे परत घेतो, काकू. कुणाच्या बापाचं काही जात नाही. राहू दे तसंच."

"तो असता तर काय केलं असतं त्याने?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण लंबूच्या कॉम्प्युटरसमोर बसून त्याची जीभ रेटेना. "त्याने केव्हाच काढलं असतं. मी इतके दिवस ठेवलं म्हणून माझी खरडपट्टी काढली असती."

"मग काढ," काकू म्हणाल्या. त्यांनी मांडीवरचं कापड घेतलं आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. तो काही ओवला जाईना. झाडूवाल्याने हात पुढे केला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

दोन दिवसांनी वरिष्ठ बाईंनी त्याने पाठवलेला बदल स्वीकारून ओळी काढल्या आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांना कळवलं: घेतलं, धन्यवाद. लंबूच्या पत्त्यावर गेलेली ती शेवटची मेल.

पण त्यावर उत्तर आलं. सकाळी झाडूवाला टेबलावर येऊन बसला तर समोर लंबूचं नाव. उत्तर एकट्या त्याला नव्हतं. एकेका स्वल्पविरामावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या जगभरच्या त्या सगळ्या अनोळखी माणसांना ते गेलं होतं.

"मेल मिळाली. त्याचं काम तिथे राहिलं नाही हे समजलं. हा पत्ता मी बंद करणार नाही. कुणाला कधी काही लिहावंसं वाटलं तर लिहा. मी रोज सकाळी बघते. – त्याची आई."

झाडूवाल्याने ते वाचलं, आणि लंबू गेल्यानंतर पहिल्यांदाच, भरल्या ऑफिसात, तो टेबलावर डोकं टेकून रडला.